सुस्थितीतल्या पेट्या

माझा मोठा भाऊ मास्तरांचा मास्तर होता. मुलांना नदी, माती, किडे कसे शिकवावेत, हे तो शिक्षकांना शिकवायचा. तीन दिवसांच्या शिबिरात पन्नाशीच्या बाईंना आणि पोट सुटलेल्या मुख्याध्यापकांना गवतात पालथं झोपवून मुंग्या मोजायला लावायचा. शिबिर संपलं की प्रत्येक शाळेला एक पेटी. तिच्यात बारा भिंगं, तापमापक, माती चाळायच्या चाळण्या आणि दादाने स्वतः रंगवलेली किड्यांची चित्रं. पेट्या भरायला आमचं जेवायचं टेबल जायचं. आठवडाभर आम्ही मांडीवर ताट घेऊन जेवायचो. या नादात त्याचं लग्नाचंही राहूनच गेलं. लोक त्याला पेटीमास्तर म्हणत. मी वेडा म्हणायचे, तेही तोंडावर.

यंदा तो निवृत्त व्हायचा होता. ऑफिसातल्या साहेबांनी सांगितलं, "पेट्या वापरात आहेत हे दाखवा, तुमच्या जागी माणूस देतो. नाहीतर शिबिरं बंद." दादा म्हणाला, "त्यात काय, दाखवतो की." त्याचे गुडघे गेलेले, म्हणून गाडी चालवायला मी.

पहिल्या शाळेत पेटी कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. पेटीवरची चिकटपट्टीसुद्धा निघाली नव्हती. "असते एखादी शाळा अशी," दादा म्हणाला. सातव्या शाळेपर्यंत सगळीकडे हेच, तेव्हा त्याने असं म्हणणंही सोडलं.

आठव्या शाळेतल्या बाई त्याच्या पहिल्या शिबिरातल्या. मुंग्या मोजताना हसून हसून त्यांची पुरेवाट झाली होती, असं तो नेहमी सांगायचा. त्यांनी पेटीला घरी अभ्रा शिवला होता.

"अकरा वर्षं झाली, सर. दर सुट्टीत उघडून पुसते. जरा धक्का लागू दिला नाही."

"मुलांच्या हातात कधी दिली नाहीत भिंगं?"

"मुलं फोडणार, मग भरून कोण देणार? तुम्हीच तर लिहून घेतलंय." बाईंनी जपून ठेवलेली पावती काढली. पेटी दिली तशीच सुस्थितीत परत करण्याची जबाबदारी शिक्षकाची, असं तिच्यात छापलं होतं. खाली दादाची सही. ऑफिसने सांगितलं म्हणून त्याने ते एक वाक्य घातलं होतं आणि विसरूनही गेला होता. मला बाईंचा राग आला, साहेबांचा आला, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त दादाचा आला.

"फोडू द्यायची होती हो, बाई," तो हळूच म्हणाला.

बाईंचा चेहरा पडला. "चुकलं का माझं?"

"नाही. तुमचं नाही चुकलं."

"मग पेटी आता घेऊनच जा, सर. माझीही निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत. जमा झाल्याचं तेवढं लिहून द्या."

दादाने लिहून दिलं. 'सर्व वस्तू सुस्थितीत मिळाल्या.' खाली सही केली.

गाडीत त्याने पेटी मांडीवर घेतली आणि एकेक भिंग काढून खिडकीच्या उजेडात धरू लागला. काय बघतोस, मी विचारलं.

"ओरखडा," तो म्हणाला. "एखाद्यावर तरी असेल गं."

बाराही भिंगं त्याने पाहिली. मग पुन्हा पहिलं उचललं.