टाकी रिकामी होईपर्यंत

थायरॉइडच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, त्यानंतर मला किरणोत्सारी आयोडीनची गोळी घ्यायची होती. मुलुंडच्या हॉस्पिटलात खोली ठरली, घरी बॅग भरली, आणि आदल्या दिवशी फोन आला, "मॅडम, पंधरा दिवस पुढे ढकलतोय. टाकी भरलीय."

मी चिडून घाटकोपरहून थेट तिथे गेले. किरणोत्साराची सुरक्षा बघणारा अधिकारी माझ्या मुलाच्या वयाचा असेल. त्याने मला बसवलं. गोळी घेतलेल्या पेशंटच्या लघवीतून ते आयोडीन बाहेर पडतं, ते जमिनीखालच्या टाक्यांत साठवावं लागतं. दर आठ दिवसांनी त्याची ताकद निम्मी होते. पुरेशी उतरली की मगच गटारात सोडायचं.

"आणखी टाकी बांधायला जागा नाही, खर्चही झेपत नाही. म्हणून पेशंट थांबतात."

"आणि घाईने सोडलंत तर?"

"मग ड्रेनेजमध्ये उतरणाऱ्या माणसाला त्रास होईल ना."

माझा राग तिथेच ओसरला.

पंधरा दिवसांनी गोळी घेतली. खोलीत मी एकटीच. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरच उलटी झाली. बेल वाजवली, तर सफाईचं काम करणाऱ्या बाई आल्या. पन्नाशीच्या, हातमोजे घातलेल्या, छातीवर किरणं मोजणारा बिल्ला.

"तुम्ही त्या शिशाच्या पडद्यामागे उभ्या राहा, ताई, म्हणजे किरणं अडतात."

"तुम्ही नका येऊ, मी पुसते."

"हे माझं काम आहे. मला आत थांबायला दहा मिनिटं ठरवून दिलीत, तेवढ्यात होतं."

त्यांनी चादर काढली, पिशवीत भरली, तोंड बांधलं, वर तारीख लिहिली. ती पिशवी अडीच-तीन महिने कुलपात राहणार होती.

"भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"पहिल्यांदा वाटली. मग त्यांनी शिकवलं. बिल्ल्याचा आकडा वाढला तर दुसरीकडे ड्युटी देतात." एवढं बोलून त्या जमीन पुसू लागल्या. पडद्यामागे मला रडू आलं. माझ्या आईनंतर माझी उलटी कोणी पुसली नव्हती.

सहा महिन्यांनी स्कॅन स्वच्छ आला. मी त्या सफाईच्या बाईंना शोधत कँटीनमध्ये गेले. त्यांनी मला ओळखलं नाही. उलटीची आठवण दिली, तेव्हा हसल्या.

"बऱ्या झालात ना मग?"

"झाले."

"बसा, चहा घ्या," म्हणाल्या, आणि आपल्या डब्यातली अर्धी पोळी त्यांनी माझ्यापुढे सरकवली. मी ती खाल्ली.