मोलकरणीचं काम
"आणि मोलकरणीच्या भूमिकेत, आपल्या शाळेतली आया. हिला अभिनय करावाच लागत नाही."

गणपतीतलं नाटक संपलं होतं. स्टील प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर सहामधल्या मराठी मंडळाच्या स्टेजवर आम्ही सगळे ओळीनं उभे. दिग्दर्शक भाऊसाहेब माइकवर पात्रपरिचय करून राहिले होते. प्लांटमधले मोठे ऑफिसर ते. बाकी सगळ्याईचं नाव, आडनाव, कोण्या डिपार्टमेंटात, सारं सांगतलं. माह्यापाशी आले अन् हे बोलले. नाव नाही घेतलं. हॉल हसला. नाटकात आई झालेली विद्या माह्या खांद्याले खांदा लावून उभी होती. तीबी हसली. तिचा खांदा हालला तो मले कळला.

लोकाईचं मले काही नाही लागलं. लोकं हसतेच. विद्या हसली ते लागलं.

तासभर आंदी तिसऱ्या अंकात तीच आपले संवाद विसरून उभी राहिली होती. आईचं मोठं काम होतं तिचं. मी चहाचा ट्रे घेऊन मधातच घुसली, दोन वाक्यं मनची टाकली अन् तिले लायनीवर आणलं. मले पूर्ण नाटक पाठ राहे. कारण नक्कला मीच लिहीत होती. नक्कल म्हणजे एकेका नटाचे संवाद येगळे उतरवून ज्याचे त्याले द्यायचे. झेरॉक्सच्या जमान्यातबी भाऊसाहेबाईले हातानं लिहिलेलीच पाहिजे. अन् मंडळात माह्यासारखं अक्षर कोणाचं नाही.

माहा बाप रेल्वेत गँगमन होता. मी शाळेत आया. विद्या त्याच शाळेत शिकवते. तिथं ती विद्या मॅडम. टेबलावर चहा ठेवायचा अन् बाहेर निघायचं. पण तालमीचे तीन महिने, संध्याकाळी साडेसात झाले का ती नुसती विद्या. एका डब्यात खात होतो. एकदा नवऱ्यासंगं भांडून आली तर माह्या मांडीवर डोकं ठेवून रडली. दिवसभरात मले नावानं हाक मारणारी ती एकटी. त्या हाकेपायी मी सात सालं मोलकरीण केली. नाटक दरवर्षी नवं, मोलकरीण मीच.

त्या हसण्यावर मी वर्षभर गप्प राहिली. यंदा नव्या नाटकाच्या वाचनाले गेली. त्यातबी आईचंच मोठं काम होतं. म्हटलं, "मले आईचं काम वाचू द्या."

भाऊसाहेब चष्म्यावरून पाहत राहिले. "तुझं ठीक आहे गं, पण लोक मानतील का? रोज तुला शाळेत बघतात. शिवाय तुझी ती भाषा."

"सात सालं चालली ना भाषा?"

मी विद्याकडे पाहिलं. ती मोबाइल पाहून राहिली होती. मी उठली, चपला घातल्या, निघाली. कोणी थांबवलं नाही.

मंग संध्याकाळ मले खाऊन टाके. काही घ्यायचं नसे तरी पावर हाउस भागातल्या बाजारात फिरत राहो. शाळेत चहा ठेवो तर विद्या वहीतून मान वर नाही करे. रडू ये. अन् स्वतःचा रागबी ये, का मी अजून तिची वाट पाहून राहिली आहे.

पंधरा दिवसांनी ती घरी आली. सात सालात पहिल्यांदा. मले एवढा आनंद झाला का सांगायची लाज वाटते. खुर्ची पुसली, गॅसवर चहा मांडला. तिनं पिशवीतून नाटकाचं पुस्तक अन् कोऱ्या वह्या काढल्या.

"नक्कला तेवढ्या लिहून दे ना. आणि मोलकरणीचं काम ठेवलंय भाऊसाहेबांनी तुझ्यासाठी. पाचच मिनिटांचं आहे. सोड ना राग."

मी विचारलं, "विद्या, त्या दिवशी हसली कावून तू?"

"कधी गं?"

खरंच आठवत नव्हतं तिले. सोंग नव्हतं ते. तिचा चेहरा मले पाठ आहे. मी वर्षभर ज्याच्यापायी झुरली, ते तिच्या लेखी घडलंच नव्हतं. मी गॅस बंद केला. वह्या तिच्या पिशवीत परत टाकल्या.

"मी नाही लिहीत. कामबी नाही करत."

"एवढ्याशासाठी मैत्री तोडतेस?"

"असती तर तोडली असती."

ती गेल्यावर मोकळं वाटन म्हटलं होतं. नाही वाटलं. घर अजूनच मोठं झालं.

दुसऱ्या दिवशी टेबलावर चहा ठेवला तर तिनं हळूच विचारलं, "विचार केलास?"

"केला, मॅडम," म्हटलं अन् बाहेर आली.

तालमीची वेळ झाली का अजूनबी जीव तुटते. तुटू दे. शाळेत चहा ठेवीन, ती माही नोकरी आहे. पण मोलकरीण पुन्हा करणार नाही. त्याईच्या नाटकात नाही, अन् त्याईच्या मैत्रीत तर नाहीच नाही.