काचघरातली द्राक्षवेल

मी निघालो त्या सकाळी चांदवडच्या हायवेवर तुम्ही सगळे गाववाले मला निरोप द्यायला होतात. आप्पा तेवढे नव्हते. "थिनिंग चालूय, मणी विरळायला बाया लावल्यात," एवढं बोलून माझे वडील द्राक्षबागेत शिरले होते. एकुलता एक मुलगा बाग सोडून इंग्लंडला चालला म्हणून ते रागावले, असं मी धरून चाललो. तो सल नऊ वर्षं सोबत होता. फोनवर ते विचारायचे, "तुमचं इंग्लंड काय म्हणतं?" त्यातलं 'तुमचं' बरोबर टोचायचं.

यंदा जूनमध्ये आप्पा पहिल्यांदा इकडे आले. त्यांना एक जुनं गाव दाखवायला नेलं. पिवळसर दगडाची, शेकडो वर्षांची घरं, त्यांवर गवती छपरं. "एवढी श्रीमंती आन् घरावर पाचट?" आप्पा म्हणाले.

गावाला लागूनच तिकीट काढून बघायची बाग होती. गुलाबांपाशी ते दोन मिनिटंही थांबले नाहीत. काचघरात मात्र छतापर्यंत चढलेली द्राक्षवेल होती, घड गच्च भरलेले. मी फोटो काढून वळतो तो काय, आप्पांची बोटं एका घडात आणि हिरवे मणी टपाटप फरशीवर! तेवढ्यात तिथली पांढऱ्या केसांची माळीणबाई आली. मी सॉरीचा जप सुरू केला. तिनं घड निरखला, एप्रनच्या खिशातून कात्री काढली आणि आप्पांच्या हातात दिली. आपली असते तशीच, बारीक, लांब टोकाची. मग अर्धा तास दोघं मणी विरळत राहिले, एकमेकांचं अक्षरही न कळता. दुभाष्या म्हणून मी नुसताच उभा.

बाहेर बाकावर डबा उघडला, तेव्हा आप्पा एकदम म्हणाले, "त्या दिशी रस्त्यावर आलो असतो, तर तुला जाऊ दिलं नसतं मी. म्हणून बागेत ऱ्हायलो. मणी दाटले की एकबी फुगत नाय, बाळा."

नऊ वर्षं जिला मी राग समजत होतो, ती माया होती. उशिरा का होईना, त्यांच्याच तोंडून कळलं. त्या वेलीचे आणि त्या बाईचे उपकार मी कधी विसरणार नाही.

घर कुठलं, असं इथं कुणी विचारलं की मी पूर्वी अडखळायचो. आता अडखळत नाही. दर रविवारी चांदवडहून आप्पाच फोनवर विचारतात, "आपली तिकडची बाग कशी हाय?" मी शनिवारीच त्या काचघरात जाऊन घड बघून आलेलो असतो.