पावण्यांसाठी ताजं पाणी

सुंदरराव वॉलमनला शिवी न घातलेला माणूस चौसाळ्यात शोधून सापडायचा नाही. एकतीस वर्षं गावाला पाणी सोडायचं काम केलं आणि एकतीस वर्षं पोटभर शिव्या खाल्ल्या. वरच्या गल्लीला सोडलं की खालची गल्ली दारात उभी. "सुंदऱ्या, आमचा नंबर कावून खाल्ला बे?" सुंदरराव ऐकून घ्यायचे, लांब दांड्याची चावी खांद्यावर टाकायचे आणि पुढच्या वॉलकडं चालू लागायचे. खरं सांगायचं तर निम्म्या शिव्या त्यांच्या कानापर्यंत पोचतच नव्हत्या. पंपाच्या खोलीत एकतीस वर्षं घरघर ऐकून कान गेले होते, म्हणून फोनवरही ते असे ओरडून बोलायचे की पलीकडच्याला फोनची गरजच पडू नये.

घरी त्यांना बोलायचा हक्क एकटीचा, बायकोचा, यशोधराचा. ती तो मनमुराद वापरायची. "गावाला पानी पाजतेत अन् घरच्या माठाला तळ दिसतोय, बगा!" मूलबाळ नव्हतं. ती लोकांचे ब्लाऊज शिवायची, हे गावाला पाणी सोडायचे आणि दोघांचं ठीक चाललं होतं.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो, हसायचं असेल तर हसा. नळ येतो आठव्या दिवशी. सात दिवस बाया तांब्या-तांब्या जपून वापरतात. पण नळाला फुर्रफुर्र आवाज आला रे आला, की घरात उरलेलं सगळं पाणी आधी ओतून द्यायचं. ते शिळं! घागरी घासायच्या, माठ विसळायचा आणि मग ताजं भरायचं. आणि दारात पाहुणा असेल तर त्याला शिळ्या पाण्याचा तांब्या पुढं करणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावण्यासारखंच. यशोधरा या बाबतीत सगळ्या गल्लीच्या वरचढ. तिचा माठ आरशासारखा असायचा.

अशी ही बाई गेल्या पावसाळ्यात शिलाई मशीनवरच आडवी झाली. लकवा मारला, उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. बोलणं असं लडबडलं की ते फक्त सुंदररावांना आणि शेजारच्या बायनाबाईलाच कळायचं. वरून दिवाळीनंतर किडन्यांनी हात टेकले. बीडच्या दवाखान्यात वीस दिवस काढले. शेवटी डॉक्टरांनी सुंदररावांना बाजूला घेतलं आणि त्यांच्या कानाशी येऊन म्हणाले, "आता घरी न्या. महिना, सव्वा महिना. त्यांच्या मनासारखं करा."

मनासारखं म्हणजे काय, ते सुंदररावांना ठाऊक होतं. दवाखान्यात बाकड्यांसमोर एक माशांची पेटी होती. व्हीलचेअर तिथून जाताना यशोधरा डाव्या हातानं चाक धरून ठेवायची. आत एक काळा मासा सारखा बुडबुड्यांपाशी जाऊन तोंड घालायचा. त्याला बघून ती चार महिन्यांनी पहिल्यांदा हसली आणि म्हणाली, "ह्यो तुमच्यावानीच हाय. नळाजवळून हलतच न्हाई." आणि मग म्हणाली, "आपल्या घरी असं न्हाई व्हयाचं?"

होईल की! न व्हायला काय झालं? सुंदरराव दुसऱ्याच दिवशी बीडला बसस्टँडमागच्या तौसीफच्या दुकानात जाऊन उभे राहिले. तौसीफ पोरगेलासा, दाढी कोवळी, पण माशांच्या बाबतीत मौलवीपेक्षा कडक. त्यानं दोन फुटी काचेची पेटी दिली, रेती दिली, हिरव्या वनस्पतीच्या चार काड्या, हवेचा पंप, पाणी कोमट ठेवायची काचेची कांडी, नळाच्या पाण्यातल्या औषधावर उतारा म्हणून थेंबांची बाटली, सगळं दिलं. मासे मात्र दिले नाहीत.

"चाचा, मासळी आज देत न्हाई. पानी अजून कच्चं हाय."

"कच्चं? पोरा, माजी हयात पान्यात गेली."

"तुमचं पानी मान्सांचं, चाचा. मासळी आपली घाण पान्यातच करती. ती घाण खानारे बारीक जीव आधी पान्यात तयार व्हावं लागतेत. तीन हप्ते पंप चालू ठेवा, पेटीला हात लावू नका. न्हाई तर मासळी आपल्याच घाणीनं मरती." आणि आपल्या चालू पेटीतला एक काळा पडलेला स्पंज त्यानं पिशवीत घातला. "हे विरजण समजा. ह्याला कदी धुवायचं न्हाई."

तीन हप्ते! सुंदररावांनी मनातल्या मनात दिवस मोजले. सव्वा महिन्यातले तीन हप्ते गेले तरी पंधरा दिवस उरतात. पंधरा दिवस बघेल बिचारी. ते कबूल झाले.

लोखंडी स्टँड पलंगाला लावून ठेवला. रेती बारा पाण्यांनी धुतली. यशोधरा उशीवरून हुकूम सोडत होती, झाड इकडं, दगड तिकडं. दिवा लागला, बुडबुडे सुटले आणि आत मासा एकही नाही. ती रोज विचारायची, "कदी?"

"पानी मुरू दे."

"मुरायला लोनचं हाय व्हय?"

सुंदरराव हसले आणि म्हणाले, "पान्यातलं तुला काय कळतंय? पानी माजं खातं हाय." तीही वाकड्या तोंडानं हसली. विषय संपला.

संपला कसला! इथंच माती खाल्ली माणसानं. साऱ्या गावाला पाण्याचं वेळापत्रक समजावणाऱ्या या गड्यानं आपल्या बायकोला दोन वाक्यं समजावून सांगितली नाहीत. सांगितली असती तर काय तोंड दुखलं असतं? पण घरोघरच्या नवऱ्यांची हीच तऱ्हा. बायकोशी चेष्टा केली की झालं बोलणं.

एकविसाव्या दिवशी, शुक्रवारी, त्यांच्या गल्लीला पाणी होतं. सकाळी निघताना ते यशोधराला म्हणाले, "रविवारी पावणे येनार हायत तुजे." मासे, हे तिला कळलं. तिचे डोळे असे चमकले की सुंदररावांना रस्ताभर गाणं म्हणावंसं वाटलं.

दुपारी परतले तेव्हा बायनाबाई पदराला हात पुसत उंबऱ्यावर उभी होती. आत पेटी लखलख करत होती. काच अशी की काच आहे हे कळू नये. रेती पांढरीशुभ्र. आणि खिडकीत, उन्हाला, सोडा लावून घासलेला तौसीफचा स्पंज वाळत होता.

"वैनी सकाळपासून मागंच लागली," बायनाबाई कौतुकानं सांगू लागली. "मनली, तीन हप्त्याचं शिळं पानी हाय, बायना, पावणे यायचेत अन् त्यांला असल्या पान्यात बसवावं व्हय? बकेटीनं उपसलं बगा सगळं. तो काळा बोळा तर किती घाण होता! चार पानी काळं निघालं. मग नळाचं ताजं भरलं."

यशोधरा उशीवरून त्यांच्याकडं बघत होती. लकवा मारल्यापासून पहिल्यांदाच आपण काही काम पार पाडल्याचा आनंद त्या अर्ध्या चेहऱ्यावर मावत नव्हता. "चांगलं झालं का?" तिनं विचारलं.

काळजाचं पाणी पाणी झालं माणसाच्या. पण ते म्हणाले, "लई चांगलं झालं. माज्या तर ध्यानातच आलं नसतं."

मग मागच्या न्हाणीजवळ जाऊन त्यांनी तौसीफला फोन लावला आणि पेटी, बोळा सगळं धुतल्याचं सांगितलं. मधे भिंत कसली, नुसता पत्रा. तौसीफ म्हणाला, पुन्हा तीन हप्ते. सुंदरराव ओरडले, "तीन हप्ते न्हाईत रे तिच्यापाशी!" तौसीफ म्हणाला, "मग घेऊन जा, चाचा. पन दोन-तीन दिवसांवर टिकायची न्हाईत."

"मरू लागले की दुसरे दे. तसलेच दे. तिला कळू देऊ नको."

तौसीफ कडक दुकानदार. जो माणूस कच्च्या पाण्यात मासा सोडतो त्याला तो दुकानातून हाकलतो. पण रविवारी त्यानं मुकाट्यानं पिशवीत पाच मासे भरून दिले, चार तांबडे आणि एक काळा. काळ्याच्या शेपटीला एक बारीक खाच होती.

काय दिवस होता तो! सुंदररावांनी पिशवी पेटीत तरंगत ठेवली, पाणी सारखं कोमट झाल्यावर तोंड सोडलं. काळा मासा बाहेर आला आणि सरळ बुडबुड्यांपाशी गेला. यशोधरा एवढ्या जोरात हसली की बायनाबाई भाकरी टाकून धावत आली. "वॉलमन! वॉलमन आला!" तेच त्याचं नाव पडलं.

मंगळवारी पहाटे वॉलमन तळाला आडवा पडला होता.

यशोधराला अजून जाग आली नव्हती. सुंदररावांनी त्याला तळहातावर घेतलं, मागं शेवग्याखाली पुरलं आणि पहिल्या एसटीनं बीड गाठून तौसीफला झोपेतून उठवलं. औषधाच्या गुंगीतून ती उशिरा जागी झाली तेव्हा पेटीत काळा मासा बुडबुड्यांपाशी होता. "वॉलमनला भूक लागली," ती म्हणाली. त्यांनी चिमूटभर दाणे टाकले आणि तोंड फिरवलं.

मग हे नेहमीचंच झालं. एक दिवसाआड बीड. कधी दोन मेलेले, कधी तीन. थेंब टाकले, रोज थोडं पाणी बदललं, तरी मरायचे ते मरायचेच. संध्याकाळी बायनाबाई दिवा लावायची आणि यशोधरा लडबडत्या जिभेनं बुद्धवंदना म्हणायची. पहिलंच शील, कुठल्या जिवाची हत्या करणार नाही. आधी सुंदरराव तिच्याबरोबर म्हणायचे. आता पहिल्या ओळीला त्यांचा आवाज फुटत नव्हता. आयुष्यात एक पाप न केलेला माणूस तो. गावाच्या शिव्या खाऊनही झोप लागायची त्याला. आता शेवग्याखालच्या मातीकडं बघवत नव्हतं. एकदा तौसीफला म्हणाले, "लेकरा, ह्या पापाचा मी एकटा धनी. तुजा काई संबंद न्हाई." तौसीफनं पिशवीला गाठ मारली आणि म्हणाला, "चाची आज जेवली का?"

हळूहळू मरायचे कमी झाले. शेवटी शेवटी सुंदररावांना तीन दिवस बीडला जावं लागलं नाही. त्याचा अर्थ काय, हे विचारायलाही त्यांना सवड नव्हती, कारण यशोधराचं खाणं सुटलं होतं. ती फक्त कुशीवर पडून पेटीकडं बघायची. सोमवारी दुपारी बघता बघताच तिची नजर थांबली. सुंदरराव बराच वेळ समजत राहिले की ती वॉलमनला बघतेय.

मयतीला आलेले पाहुणे गुरुवारी पांगले. सकाळी तौसीफ स्वतः दुकान बंद ठेवून आला होता. बरोबरच्या बाटलीत पेटीतलं पाणी घेऊन त्यात कसलेसे थेंब टाकून त्यानं रंग बघितला आणि अगदी हळू म्हणाला, "चाचा, पानी तयार झालं. आता मरायची न्हाईत." सुंदररावांना ऐकू आलं नाही. त्याला ते पुन्हा म्हणवलं नाही.

दुपारी बायनाबाई भाकरी घेऊन आली आणि पेटीसमोर बसली. सुंदरराव म्हणाले, "बायना, तुला एक सांगतो. हे मासे ते न्हाईत. ते सगळे मेलेत. मी तिला फसवलं. मरत्या मानसाला फसवलं मी."

बायनाबाईनं डोळ्याला पदर लावला. "भाऊ, तिला ठाव होतं."

"काय?"

ती त्यांच्या कानापाशी सरकली. "पेटी धुतली त्या दिशी तुमी न्हाणीपाशी फोनवर बोललात ना, अर्ध्या गल्लीनं ऐकलं ते. तिनं न्हाई ऐकलं व्हय? अन् दुसऱ्या वॉलमनच्या शेपटीला खाच नव्हती. तुमी बीडला गेलात की ती रडायची. मनायची, बायना, माज्या हातानं झालं गं. चांगलं करायला गेले अन् त्या जिवांचा अन् ह्यांचा घात केला मी. पर त्यांला सांगू नको. मला कळलंय हे कळलं तर त्यांचा जीव तुटंल. रोज सकाळी आधी माजं तोंड बगतेत, मी हासले की मग त्यांला घास जातो." बायनाबाईनं भाकरी त्यांच्यापुढं सरकवली. "मनून हासायची, भाऊ. तुमच्यासाठी हासायची ती."

ती गेली त्या दिवशी सुंदरराव रडले नव्हते. आता रडले. बहिऱ्या माणसाचं रडणं ते, त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. सगळी गल्ली दारात आली. ज्यांनी ज्यांनी त्यांना शिव्या दिल्या होत्या ते खाली मान घालून उभे होते.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, नळाची पाळी त्यांच्याच गल्लीची. पाणी तर सोडलंच पाहिजे. वॉल फिरवून घरी आले तेव्हा नळ फुर्रफुर्र करत होता, दारोदार शिळं पाणी ओतलं जात होतं आणि बायनाबाईनं त्यांचा माठ उचलून कमरेवर घेतला होता.

"ठेव," सुंदरराव म्हणाले.

"आठ दिसाचं शिळं हाय, भाऊ."

"ती होती तवाचं हाय."

बायनाबाईनं माठ जागेवर ठेवला. सुंदररावांनी तांब्या बुडवला आणि पलंगाच्या कडेला बसून ते पाणी घोट घोट प्यायले.