बांधावर ऐकलेला उपग्रह

माझ्या चुलतभावाने एकदा मला साक्षीला बोलावले आणि मी खोटे बोललो. नंतर तो मला दिवाळीला भेटत राहिला, माझ्या मुलांचे लाड करत राहिला, आणि प्रत्येक वेळी मी गप्प राहिलो.

साठचे दशक नुकतेच लागले होते. मी ब्राह्मणपुरीत शाळामास्तर होतो. माझ्याहून थोडा मोठा असलेला हा भाऊ शेती पाहून हंगामात कापसाच्या जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या यंत्रांवर, कामाला जाई. त्याने सुरतेहून हातात मावेल एवढा ट्रान्झिस्टर आणला होता. दोन दिवस पहाटे त्याला त्यावर उपग्रहाचा आवाज आल्यासारखे वाटले होते. एका रेडिओवर तो नुसता फुसफुसतो. शेजारी दुसरा रेडिओ लावून काटा किंचित सरकवला की त्याची शिट्टी होते, हे त्याने कुठेतरी वाचले होते. म्हणून मी शाळेचा बॅटरीवरचा रेडिओ घेऊन त्याच्या केळीच्या बांधावर गेलो.

उजाडत होते. शेजारच्या विहिरीवर इंजिन धडधडत होते. आभाळातला उपग्रह ऐकायचा आहे म्हणून भावाने ते थोडा वेळ बंद करायला सांगितले, तेव्हा शेजारी ओरडला, "तुम्हना तारा मन्ही केळीले पाणी पाजणार शे का?" पण हसत हसत त्याने इंजिन थांबवले.

भावाला तारायंत्राच्या प्रशिक्षणाचे बोलावणे आले होते. तिथे आधी कान तपासणार होते. जिनिंगमधल्या हंगामांनंतर त्याच्या कानात अधूनमधून सूं असा आवाज होई, आणि ऐकलेले खरे की कान वाजताहेत, हे त्याचे त्यालाच कळेनासे झाले होते. मला ऐकू आले तर तो जाणार होता.

आणि ती आली. बारीक, थरथरती शिट्टी. थांबून पुन्हा, थांबून पुन्हा. काही शिट्ट्या लांब होत्या, काही आखूड. उपग्रहातल्या यंत्राचे तापमान बदलले की शिट्टीची लांबी बदलते, असे तो म्हणाला होता. वर आभाळ रिकामे होते, आणि त्या रिकामपणातून कुणीतरी आपली उष्णता आम्हाला कळवत होते. मग शिट्टी विरून गेली.

त्याने माझा दंड धरला. "तुले आयकू उनं का? खरं सांग."

त्याच प्रशिक्षणासाठी मीही अर्ज केला होता आणि मला नकार आला होता. हे त्याला ठाऊक नव्हते. मत्सर हा शब्द मी पुढे पुष्कळ वर्षे टाळला; तो गेला तर मी एकटा पडेन म्हणून तसे बोललो, अशी स्वतःची समजूत घालत राहिलो. त्या क्षणी मात्र मनात फक्त एवढेच आले, की हा जाणार आणि मी इथेच राहणार.

"नई, दादा. काहीच नई."

तो ट्रान्झिस्टरकडे पाहत राहिला. "म्हन्जे मन्हा कानच वाजी ऱ्हायनात," म्हणाला, आणि विहिरीकडे हात करून इंजिन सुरू करायला सांगितले.

तो प्रशिक्षणाला गेला नाही. पुढे शेती वाटली गेली आणि तो जिनिंगमध्ये कायमचा लागला. यंत्रांनी त्याचे कान खरोखरच नेले. मी पन्नाशी ओलांडली, तोवर अगदी कानाशी बोलल्याशिवाय त्याला ऐकू येईनासे झाले होते.

परवा तो नंदुरबारला मुलाकडे आहे असे कळले, म्हणून गेलो. घरापुढे मिरची वाळत होती, बायका ती निवडत होत्या. मी त्याच्याजवळ बसून, माझ्या सवयीने, हळू आवाजात सारे सांगून टाकले. तो माझ्या ओठांकडे पाहत होता. मग त्याने तळहात कानामागे धरला.

"काय म्हनस? जोरमा बोल ना! मास्तर व्हतास ना तू?"

बायका हसल्या. मी वर्गातदेखील कधी आवाज चढवला नव्हता. उभा राहिलो, त्याच्या कानाशी वाकलो, आणि मिरची निवडणारे हात थांबेपर्यंत ओरडलो, "दादा, त्या दिवशी बांधवर माले बी आयकू उनं व्हतं! तुन्हा कान चांगला व्हतात! मी खोटं बोलनू, दादा. माले माफ कर."