बहिणीची किडनी

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावहून हिंगोलीला जाणाऱ्या जीपमध्ये एक मावशी माझ्या शेजारी होत्या. तोंडाला मास्क, वर हसरे डोळे. मी शिंकलो तशा त्या खिडकीकडे सरकल्या आणि पिशवीतला एक कोरा मास्क माझ्या हातात ठेवला. मी ओशाळलो. परतफेड म्हणून बाजारातून घेतलेली अश्वगंधेची मुळं पुढे केली.

"घ्या मावशी, दुधात उकळून प्या. प्रतिकारशक्ती वाढते."

"तीच तर वाढू द्यायची न्हाई मला!" त्या खळखळून हसल्या. "धाकट्या बहिणीनं किडनी दिली मला. अंगाला ती परकी वाटती. म्हणून डॉक्टरनं गोळ्या देऊन अंगाचा जोर निजवून ठेवला. या मुळीनं त्यो उठला, तर त्या किडनीवरच तुटून पडंल!"

"लोक आग्रह करत असतील."

"रोज करून राहिले. मायेनं देतात, मी बी मायेनंच न्हाई म्हणते."

हिंगोलीत तशाच हसऱ्या डोळ्यांची एक बाई वाट पाहत उभी होती. तिने मावशींची पिशवी ओढली.

"दे इकडं, वझं उचलू नको."

"काहून? किडनी दिली म्हणून पिशवी बी तुझीच का?"

शेवटी दोघींनी पिशवीचा एकेक बंद धरला आणि भांडत भांडतच रस्ता ओलांडला.