मागच्या दाराची सळई

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. घरात सगळे म्हणतात, याच्या पोटात काही राहत नाही — आणि नेमकी हीच एक गोष्ट राहिली. तुम्ही माझे कोण? कोणीच नाही. म्हणूनच जमेल बहुतेक.

आमची गाडी जुनी. दारांची कुलपं पार खिळखिळी झालेली. मागचं एक दार तर खड्ड्यात आपोआप उघडायचं. गॅरेजवाल्यानं पार्ट येत नाही म्हणून हात वर केले, तेव्हा मला चेव आला. जुन्या सामानाच्या दुकानातून कुलपं आणली, मोबाइलवर व्हिडिओ बघितले आणि एका रविवारी दारांची आतली पॅडं काढून बसलो. बोटं सोलली. दोन स्क्रू दाराच्या पोटात पडले, ते अजून तिथेच खुळखुळतात. पण सगळी दारं झाली. धुळ्यात आमच्या गल्लीत मी ते चार दिवस मिरवलंसुद्धा, खोटं कशाला बोलू?

इथेच थांबावंसं वाटतंय, खरं तर.

आबा — माझे वडील — आईबरोबर दोंडाईच्याला राहतात. दर महिन्याला त्यांना डोळ्यांसाठी धुळ्याला आणायचं, परत सोडायचं, हे माझं काम. आबा एसटीत कंडक्टर होते, आणि सगळी नोकरी याच रस्त्यावर! गाडी जरा थांबली की हे दार उघडून खाली. पानवाला, भाजीवाली, कुणाचा तरी जावई. "काय भाऊ, बरं शे ना?" मी कंपनीत उशीर होतो म्हणून चरफडत उभा. त्यांना गाडीत परत बसवणं म्हणजे तराजूत बेडूक तोलणं.

मग मी काय केलं? दार उघडायच्या आतल्या दांडीपासून कुलपापर्यंत एक बारीक सळई जाते. गुडघ्यामुळे आबा मागेच बसतात, पाय लांब करून. मागच्या दोन्ही दारांच्या सळया मी काढून ठेवल्या. आपणच बसवलेल्या — आपणच काढल्या. आता दार फक्त बाहेरून उघडायचं. आबांना म्हटलं, जरा अडकतं दार, मी उघडत जाईन. ते बरं म्हणाले. माझा वेळ वाचायला लागला, आणि मला — सांगू का? — मजा वाटली.

उन्हाळ्यात एकदा परतताना नरडाण्याच्या फाट्यावर चहाला थांबलो. आबांचा पेला गाडीत नेऊन दिला आणि मी टपरीपाशी उभा राहिलो. तेवढ्यात समोरच्या दुकानातून यशवंत नाना बाहेर आले. आबांच्या एसटीवरचे ड्रायव्हर, निम्मी नोकरी दोघांनी एकत्र काढलेली. निवृत्तीनंतर भेट नाही. आबांनी हाक मारली. काच अर्धीच उतरते, बाजूनं ट्रक चाललेले, नानांना कसं ऐकू जाणार? आबा दांडी ओढायला लागले. एकदा, दोनदा, मग दोन्ही हातांनी. पेला कलंडला, धोतरावर चहा सांडला.

मी बघत होतो. दहा पावलं जाऊन दार उघडायचं, एवढंच होतं. पण हे दोघे भेटले की तास गेलाच, असं मनात आलं — आणि मी चहा संपवला. सावकाश. नाना रिक्षात बसून निघून गेले.

गाडीत आलो तर आबा धोतरावरचा चहा पुसत होते. ओशाळून म्हणाले, "भाऊ, हाई दार मन्हाच हातघाई मोडनं ना रे?"

नाही म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "मग काय आबा, किती जोरात ओढायचं!"

त्याच आठवड्यात सळया पुन्हा बसवल्या. काय उपयोग? आबा आता दांडीला हातच लावत नाहीत. गाडी थांबली की मी उघडेपर्यंत बसून राहतात. पानवाला दिसला तरी.

दिवाळीच्या आधी नाना गेले. मी दोंडाईच्यालाच होतो. फोन ठेवून आबा आईला म्हणाले, त्या दिवशी भेट झाली असती, पण मीच दार मोडून बसलो.

मी शेजारी जेवत होतो. मान वर केली नाही. आईला म्हटलं, जरा भाजी वाढ.